आधी कान, मग दुर्बीण

जूनचा पहिला आठवडा. पहाटे साडेपाचला पंचवटीच्या बाजूने वेताळ टेकडी चढू लागले आणि पहिला भेटला पावशा. भेटला म्हणजे ऐकू आला. ‘पेरते व्हा, पेरते व्हा’ करत त्याचा आवाज टिपेला पोचतो, एकदम तुटतो आणि थोड्या वेळानं पुन्हा खालून सुरू होतो. पावशा आला की सातभाईंची घरटी धोक्यात. त्याची निळी अंडी सातभाईंच्या निळ्या अंड्यांत बेमालूम मिसळतात. पावसासोबत येणारा चातकही हेच करतो. कवितेत ढगाकडे चोच लावून बसणारा चातक इथे मात्र दुसऱ्याच्या घरावर डोळा ठेवून असतो. मला तो असाच, सगळा, आवडतो.

समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंचीची ही टेकडी पुणे शहराच्या ऐन मध्यात आहे. वर खडकाळ, गवताळ पठार; उतारांवर लावलेली गिरिपुष्पाची दाट झाडी. पठारावर चंडोल आणि टिटव्या. झाड लावणं हे नेहमीच पुण्याचं काम, असं आपण धरून चालतो. पण चंडोल घरटं करतो जमिनीवर, गवताच्या आडोशाला. उघड्या माळाला ‘पडीक’ म्हणून तिथे खड्डे खणू लागलो की त्याची जागा जाते. हे मला कळायलाही बरीच वर्षं लागली.

आज मात्र मी आले होते नवरंगासाठी. हिवाळा दक्षिणेत आणि श्रीलंकेत काढून हा पक्षी पावसाच्या तोंडावर विणीसाठी वर सरकतो. हिरवी पाठ, खांद्यावर निळा डाग, बुडाशी लालभडक रंग, डोळ्यावर काळी पट्टी आणि असून नसल्यासारखी आखूड शेपटी. इतके रंग अंगावर असूनही पालापाचोळ्यात तो हरवतो. म्हणून आधी कान. नाल्याच्या काठाशी थांबले, दुर्बीण गळ्यातच राहू दिली. डोकं थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे वळवलं की आवाजाची दिशा पक्की होते.

पाचोळ्याची सळसळही सारखी नसते. सातभाई घोळक्यानं येतात, भांडत-बडबडत पानं उडवतात. सरडा एका दमात सुरकन पळतो. नवरंग दोन उड्या मारतो, थांबतो, चोचीनं पान उलथतो, पुन्हा थांबतो. त्या थांबण्यावरून तो ओळखायचा. हालचाल दिसली की नजर तिथून काढायची नाही. दुर्बीण डोळ्यांपाशी आणायची. नवशिके आधी दुर्बिणीकडे पाहतात आणि तेवढ्यात पक्षी जातो.

तेवढ्यात पलीकडून त्याची दोन सुरांची शिट्टी आली, पण जरा जास्तच स्वच्छ, एकसारखी. एक तरुण कॅमेरा रोखून मोबाइलवर आवाज वाजवत होता. जवळ जाऊन म्हटलं, “बंद करा हो. आपल्या हद्दीत दुसरा नर शिरलाय असं वाटतं त्याला. खाणं टाकून तो त्याच्या मागे लागतो. विणीचे दिवस आहेत.” त्यानं बंद केलं. त्याला हे कुणी सांगितलंच नव्हतं. मग तोही माझ्याशेजारी खाली बसला.

वीसेक मिनिटं काहीच घडलं नाही. डास चावत होते. मग सळसळ झाली. दोन उड्या, थांबा. करवंदीच्या जाळीखाली तो उभा होता, चोचीत गांडूळ. तरुणानं कॅमेरा उचललाच नाही. नवरंग एका बुटक्या फांदीवर चढला, गांडूळ गिळलं, मान मागे टाकली आणि शिट्टी घातली.

रोज फिरायला येणाऱ्या एक आजी आमच्यामागे येऊन उभ्या होत्या. “काय गं, काय दिसतंय एवढं?” मी पट्टा गळ्यातून काढून दुर्बीण त्यांच्या हाती दिली. फांदी सापडायला त्यांना वेळ लागला. सापडल्यावर त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. पुन्हा शिट्टी झाली तशी दुर्बीण खाली घेऊन म्हणाल्या, “अगो बाई, हा होय! दर पावसाळ्यात ऐकते मी हे. मला वाटायचं, खाली कुणीतरी कुत्र्याला बोलावतंय.”