‘जुजुत्सु काईसेन’: पडद्यावरचा अंधार आणि पडद्यामागचा ओव्हरटाइम

‘जुजुत्सु काईसेन’ या जपानी अ‍ॅनिमे मालिकेचा तिसरा सीझन जानेवारी २०२६ मध्ये सुरू झाला आणि जबल अलीतल्या आमच्या मित्रमंडळींत जुने वाद नव्याने पेटले. बंदरात ड्युटी करणारी, फ्री झोनच्या गोदामांत शिफ्टवर जाणारी, डिस्कव्हरी गार्डन्समध्ये तिघा-चौघांत भाडं वाटून राहणारी मराठी मुलं ही मालिका जीव लावून बघतात आणि भांडतातही तितक्याच जिवाने. मलाही ती फार प्रिय आहे. म्हणूनच तिच्याविषयी बिनधास्त ठोकून दिल्या जाणाऱ्या काही गोष्टी दुरुस्त कराव्याशा वाटतात.

पहिली गोष्ट आईबापांसाठी. ‘कार्टूनच आहे, बघू दे पोरांना’ असं म्हणून आठ वर्षांच्या मुलाच्या हाती टॅब देऊ नका. या मालिकेचा दुसरा सीझन जपानमध्ये गुरुवारी रात्री ११ वाजून ५६ मिनिटांनी दाखवला जायचा. इथे अमिरातीत स्ट्रीमिंगवर तो रात्री ९ वाजता यायचा, भारतात साडेदहाला. वेळेच्या फरकामुळे इथे तो जेवणाच्या सुमारास घरात शिरतो एवढंच. मुळात तो लहान मुलं झोपल्यावर बघायचा ऐवज आहे. त्यात माणसं मरतात, आणि मेलेली सहसा परत येत नाहीत.

दुसरी गोष्ट म्हणजे हे कुठलं तरी परकं नवं खूळ आहे हा आरोप. १९९३ साली रविवारी सकाळी दूरदर्शनवर जो मोगली आपण डोळे फाडून बघितला तो निप्पॉन अ‍ॅनिमेशनचा, म्हणजे जपानी अ‍ॅनिमेच होता. त्यातल्या शेरखानला आवाज होता नाना पाटेकरांचा. आखातातल्या अरबी पिढ्यांची ओळख तर आणखी जुनी. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस लेबनॉनमध्ये ‘ग्रेंडायझर’ अरबीत डब झाला आणि या भागातली मुलं त्यावर वाढली. तो निर्माण करणाऱ्या गो नागाई यांनीच १९७२ मध्ये ‘डेव्हिलमन’ लिहिला. आज ज्याला डार्क फँटसी म्हणतात त्याची पायाभरणी करणाऱ्या कृतींत त्याचं नाव घ्यावंच लागतं.

‘ही काळी जादू आहे, आपल्या संस्कृतीशी हिचा काय संबंध’ हे वाक्य मात्र माझ्या विशेष जिव्हाळ्याचं, कारण त्याचं उत्तर पडद्यावरच दिसतं. मालिकेतला मांत्रिक गोजो आपलं सर्वात मोठं अस्त्र उघडताना बोटांची जी मुद्रा करतो ती तैशाकुतेनची, म्हणजे इंद्राची. खलनायक सुकुनाची मुद्रा एन्माची, म्हणजे यमाची. बौद्ध धर्माबरोबर आपले देव चीनमार्गे जपानला पोहोचले आणि तिथल्या देवळांत स्थिरावले. लेखक गेगे अकुतामी यांनी ते तिथून उचलले. सुकुना हे नावही हवेतून आलेलं नाही. दोन तोंडांच्या र्योमेन सुकुनाची नोंद ‘निहोन शोकी’ या आठव्या शतकातल्या इतिहासग्रंथात आहे. मालिकेतले शाप जन्मतात ते माणसांच्या भीतीतून, द्वेषातून, पश्चात्तापातून. आपल्या गावाकडच्या पारावर ही कल्पना कुणाला समजावून सांगावी लागणार नाही.

इथे राहणाऱ्यांचा एक खास गैरसमज म्हणजे लढाई ऐन रंगात आली की चित्र अंधुक होतं ते इथल्या सेन्सॉरमुळे. अमिरातीत नियम कडक आहेत हे खरं. २०२२ मध्ये ‘लाइटइयर’ या मुलांच्या चित्रपटालाही इथे परवानगी मिळाली नव्हती. पण तो अंधुकपणा जपानमधूनच येतो. १६ डिसेंबर १९९७ रोजी ‘पोकेमॉन’च्या एका भागात लाल-निळा प्रकाश झपाट्याने लुकलुकला आणि सहाशेहून जास्त मुलांना रुग्णालयात न्यावं लागलं. कुणाला फेफरं आलं, कुणाला उलट्या झाल्या. तेव्हापासून तिथल्या टीव्हीवर झगमगाटाला मर्यादा आहेत. त्यात बसण्यासाठी दृश्य काळवंडून दाखवतात, आणि डिस्कवर विकताना बहुधा मूळ उजेड परत येतो.

व्हीपीएनबद्दल थोडक्यात. ते फोनमध्ये असणं हाच गुन्हा, असं काही जण घाबरून सांगतात. बाकीचे म्हणतात, काही होत नाही. २०२१ च्या सायबर कायद्यात शिक्षा आहे ती गुन्हा करण्यासाठी किंवा तो लपवण्यासाठी व्हीपीएन वापरल्याची, आणि दंड ५ लाख दिरहमपासून सुरू होतो. चोरीच्या साइटवर भाग बघण्यासाठी ते लावणं म्हणजे नसती आफत ओढवून घेणं.

आता मुख्य भांडण. ‘स्टुडिओ आळशी झाला, पैसे वाचवले, अ‍ॅनिमेशन पडलं.’ २०२३ च्या नोव्हेंबरात, दुसऱ्या सीझनमधलं शिबुया प्रकरण चालू असताना, हे मी रोज ऐकत होतो. घडत होतं त्याच्या नेमकं उलट. मापा या स्टुडिओत त्याच सुमारास ‘अटॅक ऑन टायटन’चा शेवटही तयार होत होता. ‘जुजुत्सु’चे अ‍ॅनिमेटर समाजमाध्यमांवर उघडपणे सांगत होते की हातात वेळच उरलेला नाही, मनासारखं काम पुरं करता आलेलं नाही. चित्रपटाच्या एका सेकंदात २४ फ्रेम असतात. अ‍ॅनिमेत त्यासाठी सहसा ८ किंवा १२ चित्रं काढतात. मुख्य चित्रकार हालचालीचे कळीचे टप्पे काढतो, मधली चित्रं दुसरे भरतात, मग रंग, पार्श्वभूमी, छायांकन. प्रक्षेपणाची तारीख हलत नाही. वर कुठे आठवडा गेला की तो खालच्या माणसाच्या झोपेतून वसूल होतो.

‘मग एवढा धंदा होतो तो पैसा जातो कुठे?’ हा प्रश्न रास्त आहे. २०२३ मध्ये जपानी अ‍ॅनिमेची बाजारपेठ ३.३ लाख कोटी येनच्या पुढे गेली आणि त्यातला निम्म्याहून जास्त वाटा परदेशांतला होता, म्हणजे तुमच्या-आमच्यासारख्यांचाही. पण मालिकेत भांडवल घालते ती प्रकाशक, वितरक, वाहिनी अशा कंपन्यांची निर्मिती समिती. नफा मुख्यतः गुंतवणुकीच्या प्रमाणात वाटला जातो. स्टुडिओला बहुतेक वेळा ठरलेली रक्कम मिळते आणि चित्रकाराला अनेकदा नगावर मजुरी. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार परिषदेपुढे २०२४ मध्ये जपानविषयी जो अहवाल आला, त्यात नवख्या अ‍ॅनिमेटरची वर्षाची कमाई १५ लाख येन इतकी कमी असू शकते असं नोंदवलं आहे.

जबल अलीत बसून हे वाचताना मला मालिकेतला मांत्रिक नानामी आठवतो. ‘डार्क’ म्हणजे रक्तपात, या समजालाही तोच उत्तर आहे. हा माणूस आधी गुंतवणुकीच्या कंपनीत नोकरी करायचा. रोज ज्या बेकरीत पाव घ्यायचा तिथल्या मुलीच्या खांद्यावर शाप बसलेला त्याला दिसतो. तो हात फिरवून शाप झटकतो, ती त्याचे आभार मानते, आणि तो नोकरी सोडून मांत्रिकाच्या कामावर परत येतो. ड्युटीच्या वेळेत तो आपली शक्ती मुद्दाम आवरून धरतो; संध्याकाळी सहानंतर, ओव्हरटाइम सुरू झाला की ती वाढते. आमच्या इथे ओव्हरटाइमला मूळ पगारावर २५ टक्के जास्त द्यावेत, रात्री १० ते पहाटे ४ मध्ये ५० टक्के, असा कायदा आहे. नानामीचा नियम इथल्या पोरांना समजावून सांगावा लागत नाही.

शिबुयात, अर्धं अंग जळून कोळसा झालेलं असताना, हाच नानामी स्टेशनच्या तळघरातून पाय ओढत चालतो. डोक्यात मलेशियातलं कुआंतान. समुद्रकाठी घर बांधावं, विकत घेऊन न वाचलेल्या पुस्तकांची पानं उलटावीत. त्याच क्षणी समोर शत्रू उभे असतात आणि हात यंत्रासारखा शस्त्र चालवत राहतो. मग महितो या शापाचा तळवा त्याच्या छातीवर टेकतो. जाता जाता नानामी मालिकेच्या नायकावर, युजीवर, पुढचं सगळं सोपवतो, आणि हे सोपवणं त्या मुलाला शापासारखं चिकटेल हेही त्याला कळत असतं. गावी प्लॉट घेऊन ठेवलेला, चौथरा होऊन पुढे काम अडलेलं, अशी माणसं जबल अलीच्या कॅम्पमध्ये खोलीखोलीत भेटतात. हा प्रसंग बघून त्यांच्यातला एखादा गप्प झाला तर त्याचं कारण रक्त नसतं.

हा भाग ज्यांनी काढला तेही वेळेच्या त्याच चरकात होते, आणि तरी त्यांनी तो असा काढला. दुसरा सीझन डिसेंबर २०२३ मध्ये संपला, तिसरा यायला दोन वर्षं गेली. ‘एवढा उशीर कशाला’ म्हणून अजूनही कुरकुर चालू आहे. मला ती दोन वर्षं मुळीच जास्त वाटत नाहीत. पुढच्या खेपेला त्यांनी तीन घ्यावीत, माझी ना नाही.