उच्च शिक्षणाचा मेळावा : एका दिवसाचे सार्थक

भिवंडी शहराची ओळख यंत्रमागांच्या खडखडाटातून होते. ठाणे जिल्ह्यातील हे गाव कापडाच्या उत्पादनाचे देशातील एक मोठे केंद्र आहे आणि गेल्या काही वर्षांत शहराभोवती उभ्या राहिलेल्या विस्तीर्ण गोदामांनी त्याच्या अर्थव्यवस्थेला नवी दिशा दिली आहे. मराठी, उर्दू, हिंदी आणि तेलुगू बोलणारी कुटुंबे येथे शेजारी शेजारी राहतात. या कुटुंबांतील मुले-मुली भि. नि. न. महाविद्यालय, जी. एम. मोमीन महिला महाविद्यालय यांसारख्या संस्थांतून पदवी संपादन करतात. त्यांपैकी कित्येक जण आपल्या घराण्यातील पहिले पदवीधर असतात.

पदवीनंतर पुढे काय, हा प्रश्न येथूनच सुरू होतो. आई-वडिलांची इच्छा असते, पण त्यांना मार्ग ठाऊक नसतो. अशा वेळी मुंबई, ठाणे किंवा पुणे येथे भरणारे उच्च शिक्षणाचे मेळावे फार उपयोगी पडू शकतात. एकाच छताखाली अनेक विद्यापीठांचे प्रतिनिधी, शिष्यवृत्ती देणाऱ्या संस्था आणि बँका भेटतात. परंतु पुष्कळ विद्यार्थी तेथून रंगीत माहितीपत्रकांनी भरलेली पिशवी घेऊन परततात आणि निर्णय होता तेथेच राहतो. कारखान्यातील पाळी बुडवून किंवा शिकवणीचा दिवस मोडून गेलेल्या विद्यार्थ्याला हे परवडणारे नाही. मेळाव्याचा एक दिवस सत्कारणी कसा लावावा, याचे दिग्दर्शन करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

माहितीचे मोल

भिवंडीपासून हाकेच्या अंतरावर असलेल्या कल्याण येथे १८६५ साली आनंदीबाई जोशी यांचा जन्म झाला. त्यांना वैद्यकीय शिक्षण देण्याच्या ध्यासाने गोपाळरावांनी अमेरिकेतील एका धर्मोपदेशकाला पत्र लिहिले. ते तेथील एका नियतकालिकात छापले गेले आणि दंतवैद्याकडे वाट पाहत बसलेल्या श्रीमती कार्पेंटर यांच्या वाचनात योगायोगाने आले. त्यातून पत्रव्यवहार जुळला, १८८३ साली आनंदीबाई अमेरिकेस गेल्या आणि १८८६ साली पेनसिल्व्हानियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून त्यांनी पदवी मिळविली. एका पत्रावर आणि एका योगायोगावर त्या काळी एवढे अवलंबून होते. आज माहिती उदंड आहे. उणीव आहे ती नेमकी माहिती नेमक्या वेळी मिळविण्याच्या सवयीची.

प्रस्तुत लेखकाने कला शाखेची पदवी घेतली तेव्हा महाविद्यालयाचा सूचनाफलक हाच एकमेव मार्गदर्शक होता. एक प्रवेशपरीक्षा अस्तित्वात आहे हे तिची मुदत टळून गेल्यावर समजले आणि त्या वर्षीचे दार बंद झाले. असे वर्ष पुन्हा मिळत नाही.

केव्हा जावे ?

मेळाव्यास जाण्याची योग्य वेळ शेवटच्या वर्षाचा निकाल लागल्यानंतरची नव्हे. आय.आय.टी.तील एम.एस्सी.साठी असलेली जॅम आणि अभियांत्रिकीसह अनेक विषयांची गेट या परीक्षा फेब्रुवारीच्या सुमारास होतात. त्यांचे अर्ज मात्र आदल्या वर्षीच्या पावसाळ्याच्या अखेरीस भरावे लागतात. व्यवस्थापनाची कॅट नोव्हेंबरच्या अखेरीस असते. केंद्रीय व इतर अनेक विद्यापीठांतील पदव्युत्तर प्रवेशासाठी २०२२ पासून सुरू झालेली सीयूईटी-पीजी अलीकडे मार्चच्या सुमारास घेतली जात आहे. म्हणजे मे महिन्यात मेळाव्यास जाणाऱ्या विद्यार्थ्याला यांपैकी बहुतेक दारे त्या वर्षापुरती मिटलेली दिसतील. म्हणून पदवीच्या दुसऱ्या वर्षी एकदा आणि तिसऱ्या वर्षाच्या आरंभी पुन्हा एकदा जाणे हितावह ठरते. पहिली भेट पाहण्यासाठी, दुसरी ठरविण्यासाठी.

जाण्यापूर्वीची तयारी

घरून निघताना जवळ एक वही असावी. तिच्या पहिल्या पानावर तीन गोष्टी लिहाव्यात : आपल्याला कोणता विषय पुढे शिकावयाचा आहे, वर्षाला किती खर्च घराला झेपेल आणि घरापासून दूर राहणे शक्य आहे की नाही. या तीन ओळींवरून कोणत्या दालनात थांबावयाचे हे ठरते. सहभागी संस्थांची यादी बहुधा आधीच प्रसिद्ध होते. तिच्यातून पाच-सहा संस्था निवडाव्यात आणि त्यांच्या संकेतस्थळावरील मूलभूत माहिती वाचून जावे. जे छापलेले आहे ते विचारण्यात दालनासमोरची दहा मिनिटे घालवू नयेत. गुणपत्रिकांच्या छायाप्रती सोबत न्याव्यात. मूळ प्रमाणपत्रे घरीच ठेवावीत.

विषय निवडताना आपल्या गावाकडे एकदा नव्या दृष्टीने पाहावे. भिवंडीच्या विद्यार्थ्याने माग जन्मापासून पाहिलेला असतो. माटुंग्याच्या वीरमाता जिजाबाई तंत्रज्ञान संस्थेत, म्हणजे १८८७ साली स्थापन झालेल्या व्ही.जे.टी.आय.मध्ये, वस्त्रतंत्रज्ञान शिकविले जाते. तेथेच असलेल्या रसायन तंत्रज्ञान संस्थेची मुळे मुंबई विद्यापीठाने १९३३ साली सुरू केलेल्या विभागात आहेत आणि तंतू व वस्त्रप्रक्रिया हा तिचा एक महत्त्वाचा विषय आहे. गोदामे व मालवाहतूक यांच्या व्यवस्थापनाचा शास्त्रशुद्ध अभ्यास पवईच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेत करता येतो. १९६३ साली ‘निटी’ म्हणून स्थापन झालेल्या या संस्थेला २०२३ मध्ये हा नवा दर्जा मिळाला. समाजकार्यात व कामगारविषयक अभ्यासात रुची असलेल्या कला शाखेच्या पदवीधरांसाठी देवनारची टाटा समाजविज्ञान संस्था १९३६ पासून कार्यरत आहे. या सर्व संस्था ठाण्याला किंवा कल्याणला लोकल पकडून गाठता येण्याजोग्या आहेत. दूरच्या दालनाचा झगमगाट पाहण्यापूर्वी जवळच्या संस्थांची चौकशी करावी.

दालनासमोर

‘हा अभ्यासक्रम कसा आहे ?’ या प्रश्नाला ‘उत्तम आहे’ याखेरीज दुसरे उत्तर मिळत नाही. प्रश्न असा असावा की उत्तरात आकडा किंवा नाव यावे. गेल्या वर्षी आमच्या प्रवर्गाची यादी किती गुणांवर थांबली ? विभागात कायम शिक्षक किती ? संपूर्ण अभ्यासक्रमाचे शुल्क वसतिगृह व परीक्षा धरून किती ? मुलींना वसतिगृहात जागा मिळण्याची खात्री किती ? तीन वर्षांच्या पदवीवर प्रवेश मिळतो काय ? हा शेवटचा प्रश्न आता विशेष महत्त्वाचा आहे. नव्या शैक्षणिक धोरणानुसार चार वर्षांची पदवी घेणाऱ्यास एक वर्षाचा आणि तीन वर्षांची पदवी घेणाऱ्यास दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम अशी व्यवस्था येत आहे. परदेशातील काही विद्यापीठे मात्र सोळा वर्षांच्या शिक्षणाचा आग्रह धरतात.

नोकरीसंबंधीचे आकडे विशेष सावधपणे ऐकावेत. समजा, एका वर्गातील दहा विद्यार्थ्यांपैकी नऊ जणांना वार्षिक ३ लाख रुपये आणि एकाला ३३ लाख रुपये वेतन मिळाले. सरासरी ६ लाख होते, परंतु त्या वर्गात ६ लाख मिळविणारा एकही विद्यार्थी नाही. म्हणून सरासरी किंवा सर्वोच्च वेतन न विचारता सर्वांना क्रमाने उभे केल्यास मधल्या विद्यार्थ्याला किती मिळाले, हे विचारावे. किती जणांनी नोकरीसाठी नाव नोंदविले आणि किती जणांना ती मिळाली, हेही विचारावे.

भाषेचा संकोच बाळगू नये. प्रश्न मराठीत, हिंदीत किंवा उर्दूत विचारला म्हणून त्याचे वजन कमी होत नाही. दालनात संस्थेचा एखादा आजी किंवा माजी विद्यार्थी असल्यास त्याच्याशी दोन शब्द अवश्य बोलावे. खानावळीपासून ग्रंथालयापर्यंतची जी माहिती पत्रकात नसते, ती त्याच्याकडे असते. उत्तर देणाऱ्याचे नाव, हुद्दा आणि संपर्क वहीत टिपून ठेवावा.

सावधगिरी

प्रत्येक दालन विद्यापीठाचेच असते असे नाही. काही दालने मध्यस्थ संस्थांची असतात. त्यांचा सल्ला विद्यार्थ्याला विनामूल्य मिळतो, कारण अनेकदा त्यांचे मानधन विद्यापीठ देत असते. यात गैर काही नाही. तथापि, हा सल्ला तटस्थ असेलच असे नाही, हे ध्यानात ठेवावे. ‘आपण कोणकोणत्या विद्यापीठांचे प्रतिनिधित्व करता ?’ असे त्यांना सरळ विचारावे.

‘आजच नाव नोंदवा, शुल्कात सवलत मिळेल’ अशा आवाहनाला त्याच दिवशी प्रतिसाद देऊ नये. विद्यापीठ मान्यताप्राप्त आहे की नाही, हे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या यादीवरून पडताळावे. आयोग बनावट विद्यापीठांची यादीही प्रसिद्ध करतो. प्रवेश घेतल्यानंतर तो रद्द करावा लागल्यास आयोगाच्या २०१८ च्या अधिसूचनेनुसार मुदतीप्रमाणे शुल्काचा परतावा मिळतो आणि कोणत्याही उच्च शिक्षण संस्थेला विद्यार्थ्याची मूळ प्रमाणपत्रे अडकवून ठेवता येत नाहीत. हा नियम ठाऊक नसल्यामुळे चांगल्या ठिकाणी नंतर मिळालेला प्रवेश गमावण्याची वेळ येऊ नये.

पैशाचा प्रश्न

अनेक घरांत निर्णय येथेच अडतो. म्हणून शिष्यवृत्तीच्या दालनाला शेवटी उरलेली पाच मिनिटे न देता तेथे प्रथम जावे. राज्य शासनाच्या विविध विभागांच्या शिष्यवृत्त्यांचे अर्ज महाडीबीटी या संकेतस्थळावरून भरता येतात. गेट परीक्षेतील पात्र गुणांवर मान्यताप्राप्त संस्थेत पूर्णवेळ एम.टेक. करणाऱ्यास अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेकडून दरमहा १२,४०० रुपये विद्यावेतन मिळते. यंत्रमाग कामगाराच्या घरी ही रक्कम लहान नव्हे. परदेशी शिक्षणासाठी अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांना राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती आहे. जमशेटजी टाटा यांनी १८९२ साली स्थापन केलेला निधी निवडक विद्यार्थ्यांना परदेशी उच्च शिक्षणासाठी कर्जरूपाने शिष्यवृत्ती देतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात गेले ते बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर, हे प्रत्येक विद्यार्थ्याने स्मरणात ठेवावे. योजना बदलतात, काही बंदही होतात. अल्पसंख्याक संशोधकांसाठी असलेली मौलाना आझाद राष्ट्रीय अधिछात्रवृत्ती २०२२ मध्ये नव्या विद्यार्थ्यांसाठी बंद झाली. म्हणून जुन्या पत्रकावर विसंबू नये. योजना या वर्षी चालू आहे काय, अर्जाची अखेरची तारीख कोणती आणि उत्पन्नाची मर्यादा किती, हे तिन्ही विचारून घ्यावे.

कर्ज काढावयाचे असल्यास आधी हिशेब मांडावा. समजा, ६ लाख रुपये १० टक्के व्याजाने घेऊन सात वर्षांत फेडावयाचे आहेत. मासिक हप्ता सुमारे ९,९६० रुपये येतो आणि एकूण परतफेड सुमारे ८ लाख ३७ हजार रुपयांची होते. शिक्षणाच्या काळातील व्याज साचू दिल्यास ती आणखी वाढते. त्या अभ्यासक्रमानंतर मधल्या विद्यार्थ्याला मिळणाऱ्या वेतनातून एवढा हप्ता देऊन घरी काय उरेल, याचे उत्तर समाधानकारक असेल तरच पुढे जावे. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्र शासनाने मंजूर केलेल्या पीएम-विद्यालक्ष्मी योजनेखाली निवडक दर्जेदार संस्थांत प्रवेश मिळाल्यास तारणाविना व जामिनाविना कर्ज मिळू शकते. ८ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या पात्र कुटुंबांना १० लाखांपर्यंतच्या कर्जावर ३ टक्के व्याजसवलतीची तरतूदही तीत आहे. आपली निवडलेली संस्था या योजनेच्या यादीत आहे काय, हे बँकेच्या दालनात विचारावे. घर किंवा माग गहाण टाकण्यापूर्वी ही चौकशी झालीच पाहिजे.

परदेशी शिक्षणाचा विचार करणाऱ्यांनी केवळ शुल्क पाहू नये. जर्मनीतील बहुतेक शासकीय विद्यापीठांत शिक्षणशुल्क नसते किंवा अल्प असते. तथापि, एक वर्षाच्या निर्वाहाची रक्कम, जी सप्टेंबर २०२४ पासून ११,९०४ युरो आहे, बँकेत आधी दाखवावी लागते आणि नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांना कागदपत्रांच्या पडताळणीचे प्रमाणपत्रही लागते. ‘फुकट शिक्षण’ या शब्दांमागे एवढा खर्च उभा असतो.

घरी परतल्यावर

मेळाव्याचे खरे काम त्या संध्याकाळी सुरू होते. दोन दिवसांच्या आत वहीतील नोंदी एका तक्त्यात उतरवाव्यात : संस्था, परीक्षा, अर्जाची तारीख, एकूण खर्च, शिष्यवृत्ती. ज्यांची उत्तरे अपुरी राहिली त्यांना पत्र किंवा ई-पत्र पाठवावे. तक्ता घरात सर्वांना दाखवावा. मुलीच्या बाबतीत वसतिगृह, प्रवास व सुरक्षितता यांची उत्तरे समोर असली की आई-वडिलांची निम्मी काळजी दूर होते. ‘पाठवू नये’ या शब्दांमागे पुष्कळदा माहितीचा अभावच असतो. शक्य झाल्यास आई-वडिलांपैकी एकाला मेळाव्यालाच सोबत न्यावे आणि अंतिम निर्णयापूर्वी संस्थेला एकदा प्रत्यक्ष भेट द्यावी.

महाविद्यालयांनाही यात बरेच करता येईल. प्राध्यापकांनी विद्यार्थ्यांचा गट घेऊन जावे, दालने वाटून द्यावीत आणि परतल्यावर प्रत्येकाने आणलेली माहिती वर्गात एकत्र मांडावी. एकाने पाच दालने पाहिली तर दहा जणांनी मिळून पन्नास पाहिलेली असतात, आणि जो पाळीमुळे येऊ शकला नाही त्यालाही त्यांचा लाभ होतो.

मागावर एक धागा तुटला तर विणकर माग थांबवितो, गाठ मारतो आणि मगच पुढे जातो. पदवी आणि पुढील शिक्षण यांच्यामधला धागा अनेकदा केवळ वेळीच न विचारलेल्या एका प्रश्नामुळे तुटतो. तो प्रश्न वहीत लिहून नेणे प्रत्येक विद्यार्थ्याला शक्य आहे. त्यासाठी लागते ती थोडी पूर्वतयारी आणि विचारण्याचे धैर्य.