एका मात्रेच्या चोवीस चौकटी

चेंडू उसळविणे हा पोरासोरांचा खेळ खरा. पण संगणकावर हलती चित्रे करावयास शिकणाऱ्याला पहिला धडा मिळतो तो बहुधा याच खेळाचा. नाक नाही, डोळे नाहीत, हातपाय नाहीत, असा एक वाटोळा गोळा. तो वरून पडावा, जमिनीवर आपटावा आणि पुन्हा उसळावा, एवढेच मागणे. आणि एवढेच साधण्यात पंधरा पंधरा दिवस जातात.

बडोद्याच्या आमच्या घरात सध्या हा चेंडू रोज संध्याकाळी उसळतो. माझी नात 'ब्लेंडर' नावाच्या, फुकट मिळणाऱ्या संगणक-साधनावर हे काम शिकते आहे. मला त्यातली कळ कुठे दाबावी हेही ठाऊक नाही. पण तरुणपणी तबल्यावर बोटे झिजविली असल्यामुळे "आजोबा, तुम्ही जरा मोजा ना," म्हणून ती मला शेजारी बसवून घेते.

चित्रपटात सेकंदाला २४ चौकटी सरकतात हे बहुतेक वाचकांना माहीत असेलच. हाताने चित्रे काढणारे लोक पुष्कळदा एक चित्र दोन चौकटी टिकवीत; तरी सेकंदाला १२ चित्रे काढणे आलेच. संगणकाने ती हमाली वाचविली. पहिल्या चौकटीला चेंडू वर आणि तेराव्या चौकटीला जमिनीवर, एवढ्या मुख्य चौकटी आपण ठरवून द्यावयाच्या. मधल्या जागा यंत्र भरते. खरी मेख आहे ती येथेच. यंत्राला चेंडू काय आणि कापसाची गादी काय, सारखीच. त्याच्या स्वभावावर सोडले तर ते प्रत्येक हालचालीचा आरंभ हळू आणि शेवटही हळू करते; मग चेंडू जमिनीपाशी आला की नवा जावई पाटावर टेकावा तसा अलगद टेकतो. बरे, एकाच गतीने जा म्हणावे, तर विहिरीत पोहरा सोडल्यासारखा उतरतो.

खरा चेंडू चार फुटांवरून सुटला तर अर्ध्या सेकंदात, म्हणजे १२ चौकटींत, जमिनीला लागतो. या बारांचे तीन-तीनांचे चार भाग करा. पहिल्या भागात तो जेमतेम ३ इंच उतरतो, दुसऱ्यात ९, तिसऱ्यात १५ आणि चौथ्यात २१. बेरीज ४८ इंच. एकास तीन, पाच, सात हे प्रमाण गॅलिलिओने १६३८ सालच्या आपल्या ग्रंथात मांडले आहे. म्हणजे वेळ बरोबर असूनही अंतराची वाटणी चुकली की चेंडू खोटा ठरतो. आमच्या गुरुजींची तक्रार हीच असे: सम गाठलीत, पण वाटेत बोल कुठे सांडलेत? यंत्रात यासाठी एक वक्ररेषा दिसते. जमिनीच्या बिंदूपाशी ती गोल न ठेवता टोकदार करावी लागते, तेव्हा कुठे 'टप्' असा आवाज नसताना ऐकू येतो.

दुसरी खोड अशी की नवशिक्या प्रत्येक उडीला तेवढाच वेळ देतो. चेंडूची उंची चतुर्थांशावर आली की वेळ निम्मा होतो. एका फुटावरून पडावयास ६ चौकटी. उंची घटावी आणि वेळ तसाच राहावा, असे चंद्रावर गेल्याखेरीज घडत नाही.

मी मोजतो ते मात्रांनी. मिनिटाला साठ मात्रांची लय धरली की एका मात्रेत चोवीस चौकटी बसतात. दुगुणीत बारा, तिगुणीत आठ, चौगुणीत सहा, आणि दीडपटीत सोळा. ज्याने चोवीस हा आकडा पक्का केला त्याच्या मनात तबला नसेल. पण तबलजीची सोय मात्र छान झाली आहे. रिचर्ड विल्यम्स यांच्या २००१ सालच्या पुस्तकात पावलांचा हिशेब दिला आहे: तरतरीत चालीला पावलागणिक १२ चौकटी, रमतगमत चालीला १६, थकल्या किंवा म्हाताऱ्या माणसाला २०. हे वीस कोणत्याही सोप्या लयकारीत बसत नाहीत. म्हातारपणाचे तसेच असावे.

दादासाहेब फाळके आमच्या येथल्या कलाभवनात शिकले, याचा बडोद्यातल्या जुन्या मराठी घरांना अभिमान आहे. 'राजा हरिश्चंद्र' १९१३ साली पडद्यावर येण्याआधीच त्यांनी वाटाण्याचा कोंब वाढताना, मध्ये वेळ जाऊ देऊन एकेक चित्र घेत, टिपला होता. पुढे आगकाड्यांनाही नाचविले. चौकटी मोजण्याचे हे काम या शहराला अगदीच परके नाही. संगणकाच्या बाजूने पाहिले तर जॉन लॅसेटर यांचा १९८६ चा 'लक्सो ज्युनिअर' आठवावा. टेबलावरचे दोन दिवे, एक थोरला आणि एक धाकटा. चेहरा दोघांनाही नाही. धाकट्याचा अवखळपणा आणि थोरल्याचा जडपणा कळतो तो त्यांच्या हालचालींवरून. पुढच्याच वर्षी लॅसेटर यांनी निबंध लिहून डिस्नेकडच्या हातचित्रकारांचे जुने नियम संगणकवाल्यांपुढे ठेवले. चित्र तेच ठेवून वेळ बदलला की वस्तूचे वजन बदलते, मनःस्थितीही बदलते, हे त्यातले मुख्य सूत्र.

याचा प्रत्यय आमच्या घरी निराळ्याच रीतीने आला. चेंडू हाती आल्यावर नातीने आपल्या आजीचे चित्र करावयास घेतले. आजी जाऊन येत्या मार्गशीर्षात वर्ष होईल. त्या दिवशी घरच्या माणसांना दाखवावे, हा तिचा बेत. फोटो पुष्कळ आहेत, त्यामुळे चेहरा आला, नऊवारीचा काठही आला. काम एवढेच की आजी खुर्चीतून उठते. पहिल्यांदा ती २४ चौकटींत उठली, आणि आमच्यापैकी कोणीच तिला ओळखले नाही.

ती उठतानाचे चलच्चित्र कोणाकडेच नाही. तेव्हा मी डोळे मिटून मात्रा मोजल्या: हात गुडघ्यावर, मग एक थांबा, मग उठणे, उभे राहिल्यावर पदर सारखा करणे. थांब्याला माझ्या हिशेबाने २० चौकटी. मुलगा म्हणाला, "बाबा, आई इतकी कधी थांबत नव्हती, ती झटक्यात उठायची." त्याच्या डोळ्यांपुढची आई चाळिशीतली, त्याने थांब्याला चारही देऊ केल्या नाहीत. नातीला आठवते ती शेवटची तीन वर्षे. तिचा आकडा ३६. तिघांचेही बरोबर, आणि खुर्ची एकच.

शेवटी तिने तिन्ही करून पाहिल्या. चार चौकटींवर सूनबाई हसल्या. छत्तिसांवर मला तेथे बसवेना. सध्या थांबा २२ चौकटींचा आहे. पदराच्या अजून ठरलेल्या नाहीत. इंदूरहून मेहुणी यायची आहे, तिला विचारून मग.