लोखंड, गूळ आणि डाळिंबाची साल

आमच्या परसात, तुळशीपासून चार हात लांब, झाकण घातलेला एक माठ असतो. त्यात पाणी, गूळ आणि गंजलेल्या लोखंडाचे तुकडे. पंधरा-वीस दिवस तो आंबत ठेवायचा, अधूनमधून काठीनं ढवळायचा. आधी फेस येतो, मग आंबूस वास सुटतो आणि पाण्याला काळपट झाक चढते. ते गाळून घेतलं की रंगाऱ्याचं लोखंडाचं पाणी तयार. आंध्रातल्या कलमकारीच्या काळ्या रेघा याच पाण्यानं काढतात. राजस्थानात बगरूच्या ठशांच्या छपाईतला काळा रंगही असाच करतात.

डाळिंबाच्या सालीच्या काढ्यात भिजवलेलं पिवळसर सुती कापड या पाण्यात बुडवलं की डोळ्यांदेखत राखाडी होतं. दुसऱ्यांदा बुडवलं की पावसाळी ढगाच्या रंगावर जातं. सालीतलं तुरट द्रव्य आणि लोखंड यांचा संयोग झाला की हा रंग धरतो.

वालचंदनगरात राहून घरच्या एका खोलीत कापडाचं काम करणाऱ्या मला या माठाचं फार अप्रूप आहे. लोखंड ही या गावाची ओळख, गूळ इथल्या उसाचा आणि साल इंदापूर तालुक्यातल्या डाळिंबाची. ‘इतक्या आडगावात तुम्हाला रोज नवीन काय सुचतं?’ असं पाहुणे विचारतात, तेव्हा मी त्यांना आधी परसात नेते आणि हा माठ दाखवते.

माळावर आखलेलं गाव

१८८०च्या दशकात नीरा डावा कालवा आला, तेव्हा दुष्काळी माळाला पहिल्यांदा बारमाही पाण्याचा आधार मिळाला. पुढे सोलापुरात १८८२ साली जन्मलेल्या शेठ वालचंद हिराचंदांनी कळंबच्या माळावर ऊस उभा केला. १९३०च्या दशकात साखर कारखाना आला, भोवती वसाहत उठली आणि तिला त्यांचंच नाव मिळालं. जहाज, विमान आणि मोटार या तिन्ही उद्योगांचा देशात पाया घालणाऱ्या माणसानं आपल्या नावाचं गाव मात्र शेतात वसवलं. पुढे साखरेबरोबर साखर कारखान्यांची यंत्रं इथं होऊ लागली, मग सिमेंटची, मग अणुऊर्जा आणि अवकाश क्षेत्रासाठी लागणारे भाग. १४ जुलै २०२३ रोजी चंद्रयान-३ घेऊन झेपावलेल्या रॉकेटच्या दोन्ही बाजूंना जे ३.२ मीटर व्यासाचे बूस्टर होते, त्यांच्या कवचाचे भाग वालचंदनगरचे होते.

हे सगळं कापडाच्या लेखात कशाला, असं वाटेल. पण इथल्या घराघरांत फिटर, वेल्डर, टर्नर आणि ड्रॉइंगवर काम करणारी माणसं आहेत. जेवताना गप्पा निघतात त्या मापाच्या. कामाचा तुकडा सुताभरानं कमी भरला तर तो बाद होतो, हे इथल्या मुलांच्या कानावर लहानपणापासून पडतं. आधी रेघ, मग माप, शेवटी कात्री, हा क्रम मी याच वातावरणात शिकले. माझ्या टेबलावर लोखंडी पट्टी, गुण्या आणि आलेखाच्या कागदाची वही आहे. ठिपक्यांची रांगोळी काढणाऱ्या बाईला तो कागद वेगळा शिकवावा लागत नाही. सातास सात ठिपके मांडून त्यांतून कमळ काढणारा हात मुळात आलेखावरच चालत असतो.

रोजचा एक चौकोन

घरातल्या स्टुडिओचा दिवस घराच्या दिवसातच गुंतलेला असतो. डबे भरून झाले, पहिल्या पाळीची माणसं बाहेर पडली, की पूर्वेच्या खिडकीतून टेबलावर ऊन येतं. तो दीड तास माझा. त्या वेळात कापणं आणि रंग जुळवणं, कारण रंग दिव्याखाली फसवतात. दुपारी हातशिलाई, कारण ती करताना दाराकडे आणि कुकरकडे लक्ष ठेवता येतं. संध्याकाळी फक्त हिशेब आणि पार्सलं.

एक नियम मी कधी मोडत नाही. रोज सहा इंच बाय सहा इंचाचा एक चौकोन शिवायचा, गिऱ्हाइकासाठी नव्हे, स्वतःसाठी. त्या दिवशी जे डोळ्यांत भरलं तेच त्यात उतरवायचं. वर्षाला तीनशे पासष्ट तुकडे जमतात. त्यांतले बरेचसे सामान्य असतात, पण जे दहा-बारा चांगले उतरतात त्यांच्यावर पुढच्या वर्षाचं काम उभं राहतं. सुचेल तेव्हा बसू म्हणणाऱ्याचे आठवडे कोरडे जातात. बसलं की सुचतं, हा माझा अनुभव आहे.

आणि डोळ्यांत भरण्यासारखं इथं पुष्कळ आहे. हिवाळ्यात भिगवणला उजनी धरणाच्या फुगवट्यावर रोहित पक्षी येतात. उभा असताना रोहित फिकट पांढरा-गुलाबी दिसतो. पंख उघडले की आतला लालभडक पट्टा आणि काळी किनार दिसते. त्यावरून मी एक शाल केली, वरून साधी, आतून लाल. पांघरणाऱ्यानं हात पसरला की तो लाल दिसतो. कडबनवाडीच्या गवताळ रानात चिंकारा चरतात. पावसाळ्यानंतर ते गवत हिरव्यातून सोनेरी होत जातं, तसतसे माझ्या वहीत एकाच पिवळ्याचे आठ पिवळे जमत जातात.

आषाढवारी आली की डोळे पुरत नाहीत. तुकोबांची पालखी बारामतीहून निघून काटेवाडीत येते, तेव्हा परीट समाजातली माणसं तिच्या वाटेवर धोतरांच्या पायघड्या घालतात. पालखीभोवती मेंढ्यांचं रिंगण होतं. पुढे बेलवाडीला अश्वांचं गोल रिंगण होतं, मग अंथुर्णे, निमगाव केतकी, इंदापूर अशी वाट. पांढऱ्या धोतरांची ती पट्टी, भोवतीनं धावणाऱ्या काळ्या मेंढ्या आणि मध्ये भगवी पताका. पांढरं, काळं आणि भगवं एवढ्या तीन रंगांत किती जोर असतो, हे मला कुठल्या पुस्तकापेक्षा काटेवाडीच्या रस्त्यावर जास्त कळलं.

गोधडीचं गणित

आमच्या भागात घराघरांत शिवली गेलेली सर्वांत मोठी कलाकृती म्हणजे गोधडी. कुणी वाकळ म्हणतं, तान्ह्या बाळाची असेल तर दुपटं. तिच्याभोवतीचे शब्दच बघा. वापरून विटलेल्या लुगड्याला जुनेर म्हणतात. लुगडं मध्ये विरलं की तेवढा भाग कापून दोन्ही तुकडे जोडायचे, त्याला दंड घालणं म्हणतात. दंडाचं लुगडंही विरलं की ते गोधडीत जातं. गोधडी फाटली की तिच्यावर ठिगळ, आणि तीही जीर्ण झाली की नव्या गोधडीच्या पोटात भर म्हणून. कापडाचा जन्म सहजासहजी संपू द्यायचा नाही, हा त्यामागचा विचार.

आता मापं. नऊवारी लुगडं नऊ वार, म्हणजे सुमारे ८.२ मीटर. रुंदी साधारण १.१ मीटर धरू. त्याचे चार समान तुकडे केले की प्रत्येक दोन मीटरला थोडा जास्त भरतो. दोन तुकडे काठाला काठ लावून जोडले की सव्वादोन मीटरच्या जवळ रुंदीची एक बाजू होते. उरलेल्या दोघांची दुसरी. म्हणजे एका लुगड्यात दोन माणसांच्या गोधडीच्या दोन्ही बाजू निघतात आणि हाती एक चिंधीही उरत नाही. ज्या बाईला शाळा मिळाली नाही, तिनं हा हिशेब वितीनं आणि हातानं केला.

शिवताना कापड सारवलेल्या जमिनीवर किंवा ओट्यावर पसरायचं, कोपऱ्यांवर वरवंटा, दगड, जे मिळेल ते वजन ठेवायचं. आधी लांब टाके घालून थर एकमेकांना टाचून घ्यायचे. मग काठापासून सुरुवात करून धावदोऱ्यानं आत आत यायचं. पहिली गोधडी शिवताना मी दोरा घट्ट ओढत होते. शेजारच्या आजींनी माझा हात धरला. म्हणाल्या, “आवळू नगं पोरी. धुतल्यावर कापड आटतंय, मग समदी गोळा व्हती.” सुती कापड पहिल्या धुण्यात आकसतं, म्हणून दोऱ्यात थोडी ढील ठेवावी लागते. धुतल्यावर गोधडीवर जी नाजूक चुणी उमटते, ती या आकसण्यातून येते.

टाके मोजू. पाच फूट रुंद, सात फूट लांब गोधडी, इंचाला एक ओळ, इंचाला तीन टाके. साठ ओळी, प्रत्येक ओळ चौऱ्याऐंशी इंच. एकूण १५,१२० टाके. मिनिटाला दहा टाके धरले तरी पंचवीस तासांहून जास्त काम, तेही कापणं, जोडणं आणि टाचणं सोडून. घरी बसून काम करणाऱ्या माझ्या मैत्रिणींना मी हेच सांगते. किंमत लावताना आधी टाके मोजा, मग तास मोजा, आणि ते तास फुकटात देऊ नका. घरात झालेलं काम म्हणून ते स्वस्त होत नाही.

चुलीवरचे रंग

रंगकामाची सुरुवात डाळिंबाच्या सालीपासून करावी, कारण ती सहज मिळते आणि क्वचितच दगा देते. साली सावलीत वाळवायच्या. शंभर ग्रॅम कापडाला शंभर ग्रॅम वाळक्या साली घ्याव्यात. रात्रभर भिजवून सकाळी मंद आचेवर तासभर उकळायच्या, पाणी गाळायचं. कापड आधी खळ निघेपर्यंत धुतलेलं हवं, नाहीतर डाग पडतात. तुरटी पंधरा ग्रॅम पुरते. तुरटीनं सोनसळी पिवळा येतो आणि लोखंडाच्या पाण्यानं राखाडी. म्हणजे एकाच सालीतून दोन रंग. दसरा-दिवाळीनंतर तोरणातला झेंडू निर्माल्यात टाकण्याऐवजी वाळवून ठेवला, तर त्याचाही तुरटीवर उबदार पिवळा उतरतो.

लोखंडाचं पाणी मात्र जपून. सुरुवातीच्या दिवसांत गडद रंगाच्या हव्यासानं मी एक तुकडा त्यात फार वेळ ठेवला. रंग देखणा आला, पण सहा महिन्यांत कापड घडीवर फाटायला लागलं. लोखंड जास्त झालं की सुताची ताकद जाते. आता मी दोन-तीन मिनिटांची बुडी देते, वाऱ्यावर धरते आणि हवं तर पुन्हा बुडवते.

या मुलखाचा आणखी एक रंग आहे, करडईचा. पलीकडे फलटणला निंबकर कृषी संशोधन संस्थेनं करडईवर अनेक वर्षं काम केलं, बिनकाट्याचं वाणही तयार केलं. करडईच्या पाकळ्यांत दोन रंग असतात. पिवळा साध्या पाण्यात निघून जातो. लाल मात्र खाराच्या पाण्यातच सुटतो, आणि त्यात लिंबू पिळलं की कापडावर बसतो. करडईचं संस्कृत नाव कुसुंभ. आपण कुसुंबी म्हणतो तो रंग हाच. हा गुलाबी-लाल उन्हात टिकत नाही, म्हणून मी तो आतल्या बाजूला वापरते.

आणि काळा पाहायचा तर धनगराच्या घोंगडीत पाहावा. दख्खनी मेंढीची लोकर बहुतेकदा मुळातच काळी, तिला रंग द्यावा लागत नाही. ताण्याला चिंचोक्याची खळ देऊन घोंगडी खड्ड्याच्या मागावर विणतात. पावसात भिजली तरी ऊब सोडत नाही. तिच्यावर नक्षी जवळजवळ नसते, काठाला एखादी रेघ, बस. कुठं थांबायचं हे घोंगडी विणणाऱ्याला ठाऊक असतं. मी ते अजून शिकते आहे.

नाव कुणाचं?

अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात, नदीच्या वळणावर, गीज बेंड नावाचं खेडं आहे. तिथल्या काळ्या स्त्रियांनी शेतात वापरून झिजलेले कपडे, जीनच्या विजारी आणि पोती जोडून थंडीसाठी गोधड्या शिवल्या. २००२ साली त्या ह्यूस्टनच्या संग्रहालयात आणि मग न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात भिंतीवर लागल्या. २००६ साली अमेरिकी टपाल खात्यानं त्यांची तिकिटं काढली. मेरी ली बेंडॉल्फ, लॉरेटा पेटवे ही नावं आज कलेच्या इतिहासात आहेत. जपानात शेतकऱ्यांनी ठिगळांवर ठिगळं लावलेले निळे कपडे ‘बोरो’ म्हणून संग्रहालयात जपले जातात.

गीज बेंडच्या गोधड्यांची चित्रं मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा आमच्या आजींची वाकळ आठवली. तेच तिरके पट्टे, तीच मधूनच घातलेली लाल चिंधी. फरक एवढाच की तिथल्या गोधडीखाली बाईचं नाव लिहिलेलं आहे. आपल्या माळ्यावरच्या ट्रंकेत जी गोधडी पडलेली असते, ती कुणी शिवली, कुणाच्या लग्नातलं लुगडं तिच्यात आहे, हे दोन पिढ्यांत विसरलं जातं. आणि मग आपणच विचारतो, आपल्याकडे डिझाइन कुठे आहे?

तेव्हा या दिवाळीच्या साफसफाईत ती ट्रंक उघडा. गोधडी उन्हात घाला. आई असेल, आत्या असेल, आजी असेल, तिला शेजारी बसवा आणि एकेका तुकड्यावर बोट ठेवून विचारा, हे कुणाचं, हे कधीचं. सांगितलेलं वहीत लिहून ठेवा. मग सुईत लाल दोरा ओवा आणि गोधडीच्या एका कोपऱ्यावर, मागच्या बाजूनं, शिवणारीचं नाव आणि साल घाला. बारा-पंधरा मिनिटांचं काम आहे. शेवटचा टाका तिच्याच हातून घालून घ्या.