🔧 मळणी यंत्राचं इंजिन बदलताय? आधी पुलीचं गणित करा



जुनं जड डिझेल इंजिन काढून बरेच सभासद मळणी यंत्रावर हलकं नवीन इंजिन बसवत आहेत. अश्वशक्ती तेवढीच आहे म्हणून जुनीच पुली आणि जुनाच पट्टा चढवला, तर सोयाबीन फुटून डाळ होते आणि बियाण्याची उगवण जाते. म्हणून हा मेसेज पूर्ण वाचा.

*१) फरक फेऱ्यांचा असतो*
जुन्या इंजिनाचे फेरे बहुधा मिनिटाला १५०० असतात. नवीन हलकी इंजिनं ३००० किंवा ३६०० फेऱ्यांची येतात. इंजिनावरची नेमप्लेट वाचा, अंदाजाने धरू नका.

*२) हिशोब सोपा आहे*
इंजिनाचे फेरे × इंजिनाची पुली ÷ ड्रमची पुली = ड्रमचे फेरे

उदा. इंजिनाची पुली ५ इंच, ड्रमची १८ इंच:
▪️ जुनं इंजिन: १५०० × ५ ÷ १८ = सुमारे ४१७ फेरे
▪️ नवीन इंजिन: ३००० × ५ ÷ १८ = सुमारे ८३३ फेरे

म्हणजे ड्रम दुप्पट पळणार. बियाण्याचं सोयाबीन साधारण ३०० ते ५०० फेऱ्यांत काढायचं असतं. दाणा जितका कोरडा, तितके फेरे कमी.

*३) "गॅस कमी ठेवू" हा उपाय नाही*
३००० चं इंजिन १५०० वर चालवलं की ताकदही जवळपास निम्मी होते. पेंढी टाकली की ते दबतं आणि ड्रम चोंदतो.

*४) छोटी पुलीही चालत नाही*
वरच्या उदाहरणात इंजिनाला अडीच इंची पुली लागेल. पण बी सेक्शनच्या पट्ट्याला साधारण ५ इंचापेक्षा लहान पुली देऊ नये. पट्टा फार वाकतो, घसरतो, तापतो आणि लवकर तुटतो.

*५) मग करायचं काय?*
✅ मधला शाफ्ट टाका. दोन बेअरिंगवर शाफ्ट घ्या. इंजिनाला ५ इंची, शाफ्टला १० इंची पुली लावली की शाफ्टचे फेरे १५०० होतात. त्याच शाफ्टवर दुसऱ्या बाजूला तुमची जुनी ५ इंची पुली बसवा. ड्रमकडचं सगळं जसंच्या तसं राहतं.
✅ किंवा खरेदी करतानाच निम्मे फेरे देणारं, म्हणजे रिडक्शनवालं इंजिन मागा.

पंखा आणि चाळणी ड्रमच्या शाफ्टवरून चालत असतील, तर त्यांच्या पुल्यांना हात लावू नका. ड्रम बरोबर फिरला की तेही बरोबर चालतात.

*६) फिरण्याची दिशा बघा*
व्ही पट्ट्याला पीळ देऊन दिशा उलटवता येत नाही. ड्रम उलटा फिरत असेल तर इंजिन तोंड फिरवून बसवावं लागेल. हे बेड वेल्डिंग करण्याआधी बघा, नंतर नाही.

*७) पट्ट्याचं माप*
इंजिन सरकवायच्या खाचेत मधोमध ठेवा, म्हणजे पुढे ताण द्यायला जागा राहते. दोन्ही पुल्यांच्या कडेवरून दोरी फिरवून मोजा. बी पट्ट्यावरचा नंबर आतल्या मापाचा असतो, म्हणून दोरीच्या मापातून अडीच ते पावणेतीन इंच वजा करून नंबर मागा. दोन-तीन पट्टे असतील तर सगळे एकदम नवीन घ्या. जुना-नवीन एकत्र चढवला तर सगळा भार नव्यावर येतो.

*८) रेषा आणि ताण*
दोन्ही पुल्यांच्या तोंडाला ताणलेली दोरी लावा, ती चारही ठिकाणी टेकली पाहिजे. पट्टा मध्यावर अंगठ्याने दाबला तर दर मीटर अंतराला दीड सेंटीमीटर दबावा. त्याहून कडक केला तर बेअरिंग जातं, ढिला ठेवला तर पट्टा जळतो. नवा पट्टा पहिल्या काही तासांत सैल पडतोच, तेव्हा पुन्हा ताणा.

*९) माल टाकण्याआधी*
यंत्र रिकामं चालवा. मिस्त्रीकडून टॅकोमीटरने ड्रमचे फेरे मोजून घ्या. मग थोडा माल काढून मूठभर दाणे बघा. फुटके दिसले तर तिथेच थांबा.

⚠️ मधला शाफ्ट टाकला की फिरणारा आणखी एक पट्टा वाढतो. दोन्हींवर जाळी लावा. चालू यंत्रावर पट्टा चढवू नका. पदर, उपरणं, सैल बाही पट्ट्यापासून लांब ठेवा. हात गेला तर परत येत नाही.

📲 नवीन इंजिन घ्यायच्या आधी जुन्या इंजिनाच्या नेमप्लेटचा फोटो आणि दोन्ही पुल्यांचं माप याच नंबरवर पाठवा. हिशोब करून कळवू.

🌱 आपली शेतकरी उत्पादक कंपनी