एका अर्जाची घडण

एखाद्या मुलाला वाचता येत नाही, ही गोष्ट शाळेच्या दफ्तरात त्या शब्दांत कोठेही नोंदलेली सापडत नाही. तेथे 'अभ्यासाकडे दुर्लक्ष', 'सरावाची आवश्यकता' असे शेरे असतात, आणि ते एका इयत्तेच्या प्रगतिपुस्तकातून दुसरीच्या प्रगतिपुस्तकात इतक्या निर्वेधपणे उतरत जातात की, चौथीपर्यंत त्या मुलाविषयीचा निकाल बिनतक्रार कायम होऊन बसतो. लालबागच्या परिसरातील एका मराठी शाळेत शिकणाऱ्या माझ्या भाच्याविषयीचा असा निकाल फिरवून घेण्याचे काम माझ्या धाकट्या बहिणीने हाती घेतले, तेव्हा सारी नोकरी इतरांचे अर्ज वाचण्यात घालवलेला मी तिच्या सोबतीला होतो; आणि शाळेपाशी मुलाची बाजू मांडण्याचे काम निम्म्याहून अधिक निरीक्षणाचे व उरलेले मसुद्याचे असते, अशी माझी त्या वर्षात खात्री झाली.

आरंभी आम्ही त्याचे वाचन, मध्ये न टोकता, नुसते ऐकत गेलो, आणि एका वहीत डाव्या रकान्यात पुस्तकातला शब्द व उजव्या रकान्यात त्याच्या तोंडून आलेला शब्द लिहीत गेलो. 'घ' आणि 'ध', 'भ' आणि 'म' यांची अदलाबदल होई हे तर लगेच दिसले. परंतु खरी अडचण त्याहून खोल होती. देवनागरीत पहिली वेलांटी अक्षराच्या आधी लिहिली जाते आणि नंतर उच्चारली जाते. रफाराचा 'र' ऐकू येतो आधी आणि बसतो पुढच्या अक्षराच्या डोक्यावर. डोळ्यांना दिसणारा क्रम व कानाला ऐकू येणारा क्रम यांची ही फारकत बहुतेक मुले नकळत पचवतात, पण हा मुलगा प्रत्येक वेळी तेथे येऊन थांबे, 'पर्वत' हा शब्द 'पवरत' असा वाची, आपले चुकले आहे हे स्वतःच्याच कानांनी ओळखी, मागे जाई, आणि तेवढ्यात ओळ हरवून बसे. अर्ध्या परिच्छेदानंतर त्याचा चेहरा थकून जाई. "मामा, आता तू वाच ना," असे तो म्हणे. आणि मी तोच परिच्छेद वाचून दाखवला की, त्यातील कोण कोठे गेला, का गेला, पुढे काय झाले, हे सर्व एकही दुवा न गाळता सांगे. ही दुसरी नोंदही वहीत आली, आणि पुढे तिचे मोल पहिलीहून अधिक ठरले.

१८९६ साली प्रिंगल मॉर्गन या इंग्रज वैद्याने चौदा वर्षांच्या एका मुलाची हकिकत प्रसिद्ध केली होती. तीत त्या मुलाच्या शिक्षकाचे मत नमूद आहे की, शिक्षण सर्वस्वी तोंडी असते तर हाच मुलगा शाळेत सर्वांत हुशार ठरला असता. इतक्या जुन्या काळी एका शिक्षकाला जे दिसले, ते आजही प्रत्येक आईला प्रत्येक शाळेत नव्याने सिद्ध करावे लागते, याचा मला मनापासून विषाद वाटतो.

शासनमान्य प्रमाणपत्रासाठी शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात नेत्रतपासणी, श्रवणतपासणी, बुद्धिमापन आणि शैक्षणिक चाचणी असे टप्पे पार पडले, व विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा दाखला हाती आला. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने ही अक्षमता आपल्या सूचीत घेतली असून, ती लवकरात लवकर ओळखून योग्य उपाय योजणे हे त्याच्या कलम १६ ने शाळेचे कर्तव्य ठरवले आहे. म्हणून अर्जाच्या पहिल्या मसुद्यात बहिणीने लिहिलेले 'मेहेरबानी करून' हे शब्द मी काढावयास लावले. तिने मात्र माझ्या मसुद्यातील कायद्याचा अर्धा पानभर मजकूरही तितक्याच ठामपणे खोडला आणि म्हणाली, "दादा, बाईंना कलम नको आहे, उद्या वर्गात काय करायचे ते हवे आहे." तिचे म्हणणे सर्वथा योग्य होते. शेवटच्या मसुद्यात कायद्याला एकच वाक्य उरले, आणि बाकी पानभर मागण्या आल्या: प्रकट वाचनासाठी त्यास अचानक उभे करू नये, प्रश्नपत्रिका वाचून दाखवावी, केंद्राच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे लेखी परीक्षेत तासाला निदान २० मिनिटे जादा द्यावीत, परिसर अभ्यासात ह्रस्वदीर्घाचे गुण कापू नयेत. अर्ज आवक नोंदवहीत चढवून, नकलेवर शिक्का व तारीख घेतल्याखेरीज आम्ही कचेरीतून हललो नाही. कारण तोंडी दिलेले आश्वासन मुख्याध्यापकांच्या बदलीबरोबर निघून जाते.

बैठकीत वर्गशिक्षिका प्रथम अवघडून बोलल्या. भरलेला वर्ग, वरून येणारी माहितीची पत्रके, आणि एकाला सवलत दिली की इतरांच्या पालकांचे प्रश्न, ही त्यांची कैफियत खोटी नव्हती, आणि बहिणीने ती मध्ये न बोलता ऐकून घेतली. मग तिने वही पुढे केली. बाईंनी दोन्ही रकाने बराच वेळ पाहिले, मुलाला आत बोलावले, आणि पुस्तक मिटून आग्र्याहून सुटकेचा पाठ तोंडी विचारला. तो पेटाऱ्यांपासून परतीच्या वाटेपर्यंत सारे सांगत गेला. "हे याने पेपरात लिहिले असते तर," एवढेच त्या बोलल्या आणि थांबल्या. मुख्याध्यापकांनी बाकी मागण्या तेथेच मान्य केल्या. प्रश्नपत्रिका वाचण्यास माणूस नाही, ही अडचण मात्र त्यांनी मांडली, आणि ती बाईंनीच सोडवली: चाचणीच्या वेळी तासिका मोकळी असलेल्या शिक्षिकेने त्याच्यापाशी बसावे, अशी तजवीज ठरली.

सवलतींनी मूल वाचू लागत नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. त्यासाठी उपचारात्मक अध्यापन वेगळे चालू आहे, आणि रफारापाशी तो अजून अडखळतो, मात्र आता ओळ हरवत नाही. पाचवीत हिंदीची भर पडेल. लिपी तीच, पण शब्द वेगळे. म्हणून जूनमध्ये नव्या वर्गशिक्षकांची गाठ घेण्यासाठी बहिणीने जुन्या अर्जाची नक्कल काढून ठेवली आहे, आणि हिंदीच्या श्रुतलेखनाविषयी एक नवी मागणी तिच्याखाली पेन्सिलीने लिहिली आहे. तिचे शब्द अजून पक्के व्हावयाचे आहेत.