खांबावर कोरलेली घराण्याची कहाणी

कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात, उत्तरेकडे, स्कीना आणि बल्कली या नद्यांचा संगम होतो. तिथे हेझल्टन हे गाव आहे. वस्ती जेमतेम तीनशेच्या आसपास. तरीही लांबून लोक इथे येतात, ते गिटक्सन या मूळ रहिवाशांचा वारसा पाहायला.

संगमाजवळ १९७० साली ‘क्सान’ हे वारसा-गाव उभे राहिले. देवदाराच्या फळ्यांची रंगवलेली मोठी घरे, संग्रहालय आणि समोर कोरीव काम केलेले उंच खांब. जवळच्या किस्पिऑक्स आणि गिटॅन्याऊ या गावांतही असे खांब आहेत. लांडगा, बेडूक, गरुड अशा आकृती पाहून आपल्याला वाटेल, या मूर्ती असाव्यात. पण त्यांची पूजा होत नाही. तो घराण्याचा इतिहास आहे: आपण कोण, कुठून आलो, कोणती जमीन आपली. मूल आईच्या घराण्याचे मानले जाते.

या लोकांनी इतिहास कागदावर लिहिला नव्हता, तोंडी जपला होता. खांब उभारताना मेजवानी देऊन तो सर्वांसमोर सांगायचा, ही रीत. सरकारने १८८५ पासून १९५१ पर्यंत या मेजवान्यांवरच बंदी घातली. मुलांना निवासी शाळांत नेऊन त्यांची भाषा तोडली.

पुढे गिटक्सन आणि शेजारच्या वेट्सुवेटेन प्रमुखांनी जमिनीसाठी दावा लावला. मेरी जॉन्सन या वयोवृद्ध बाईंनी पुरावा म्हणून कोर्टात घराण्याचे गीत गायले. न्यायाधीशांना ते रुचले नाही. १९९१ मध्ये दावा फेटाळला गेला. मात्र ११ डिसेंबर १९९७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, तोंडी इतिहासालाही पुरावा म्हणून योग्य वजन द्यावे लागेल. जमीन लगेच मिळाली नाही, खटला नव्याने चालवा असा निकाल झाला. पण आजीचे बोलणे कोर्टाला ऐकावे लागले.

वर्गात मी मुलांना पणजोबांचे नाव विचारते, तेव्हा बरीच मुले गप्प बसतात. आपल्या घरातही दादी-नानी आहेत. मूळ गाव कोणते, ते कधी आणि का सुटले, घरात कोणती बोली बोलत, हे त्यांना ठाऊक असते. या सुट्टीत मुलांना त्यांच्याजवळ बसवा, हातात वही द्या. उर्दूत लिहा, मराठीत लिहा, पण लिहून ठेवा.